अंगाची वाटणी

दिवाळी सरली की गगनबावड्याच्या बाजूनं येणाऱ्या सकाळच्या वाऱ्याला उकळत्या उसाच्या रसाचा वास येतो. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, किती गोड वास आहे तुमच्याकडे. मला तो वास आला की कानशिलं तापतात. यंदाही तापली. परवा रंकाळ्याच्या कडेनं स्कूटर वळवली, तोंडावर गार हवा आली, आणि तीन वर्षांपूर्वीची न्हाणीतली ओली फरशी पायांखाली आल्यासारखं झालं. माणसं ऋतूंबद्दल हळवं होऊन लिहितात. गुळाच्या या हंगामासाठी माझ्याकडे हळवेपण फारसं नाही. राग आहे, आणि तो मी विझू दिलेला नाही.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. शिवाजी पेठेतल्या घरात आई-वडलांबरोबरच राहिले. वडलांना आम्ही आप्पा म्हणत असू, आईला अव्वा. आप्पा आणि थोरले काका मिळून मार्केट यार्डात गुळाची अडत चालवायचे. काका गेले, आप्पा थकले, तेव्हापासून काकांचा मुलगा बसवराज ती बघतो. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. लहानपणापासून त्याला मी बसूदादा म्हणते. दोन गल्ल्या सोडून त्याचं घर.

त्या डिसेंबरात एका सकाळी आप्पा न्हाणीत घसरले. मी चहा गाळत होते. धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ पितळी तांब्या गडगडत गेल्याचा. आत गेले तर ते एका कुशीवर पडलेले, अंगावर अर्धवट साबण, डोळे उघडे. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. हात सटकले. पुन्हा घातले, पाय भिंतीला लावला, ओढलं. ते वीतभर सरकले आणि कण्हले. ओल्या अंगाला धरायला जागा नसते. आप्पांचं वजन चौऱ्याहत्तर किलो होतं, आदल्याच महिन्यात मी त्यांना तपासणीला नेलं होतं म्हणून मला आकडा ठाऊक होता. माझं स्वतःचं तेव्हा एक्क्याऐंशी होतं.

"राहू दे, शैला," आप्पा म्हणाले. "तुझ्यानं न्हाय व्हायचं."

शेजाऱ्यांना हाक मारते म्हटलं, तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. ते उघडे होते. सगळ्या पेठेत ज्यांनी कधी टोपीशिवाय पाऊल टाकलं नाही, त्यांना त्या अवस्थेत परक्यांनी बघावं हे त्यांना सोसणार नव्हतं. ॲम्ब्युलन्सलाही नको म्हणाले. "बसूला बोलव. घरचा हाय त्यो."

मी फोन केला. बसूदादा म्हणाला, "आलोच." मी आप्पांना घोंगडं पांघरलं, डोक्याखाली माझा हात ठेवला आणि त्या गार फरशीवर त्यांच्याशेजारी बसले. अव्वाचे गुडघे गेलेले, ती दाराला धरून उभी. दोन गल्ल्या चालून यायला बसूदादाला चाळीस मिनिटं लागली. आला तेव्हा त्याचे केस विंचरलेले होते आणि कपाळावर ताजी विभूती होती. अंघोळ आणि पूजा उरकून आला होता. त्यानं आप्पांना दोन्ही दंडांना धरून एका झटक्यात वर ओढलं. आप्पा ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तोवर जिन्यात चारपाच शेजारी जमले होते. त्यांच्याकडे बघत हात पुसत बसूदादा म्हणाला, "एवढं अंग हाय, पर बापाला उचलाय न्हाय आलं हिला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं एक्स-रे बघितला आणि मला विचारलं, "ह्यांना उचललं कुणी?" मी म्हटलं, घरच्यांनी. ती म्हणाली, "असं ओढून उचलायला नको होतं. पडलेल्या माणसाला आहे तसं ठेवायचं, पांघरूण घालायचं, स्ट्रेचर मागवायचं." मी विचारलं, त्यानं काही बिघडलं का? ती म्हणाली की हाड पडल्यावरच मोडलं असणार, पण उचलताना आणखी सरकलं असेल, नक्की सांगता येत नाही. बसूदादा तेव्हा बाहेर फॉर्म भरत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. ते वाक्य मी घेतलं आणि आत ठेवून दिलं.

ऑपरेशन झालं, नंतर छातीत कफ धरला, आणि एकोणिसाव्या दिवशी आप्पा गेले. भेटायला येणाऱ्यांच्या बैठकीत बसूदादा मधोमध बसायचा. जो येईल त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचा, आणि शेवटाला म्हणायचा, "शैलीनं तवाच उचललं असतं तर काका गारठलं नसतं." आलेली माणसं मग माझ्या दंडांकडे बघायची. मी पाणी देत फिरत होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत माझं अंग मोजलं जाताना बघत होते. एवढं असून काय उपयोगाचं. बेचाळीस वर्षांत माझ्या शरीराबद्दल लोक पुष्कळ बोलले होते, जाड, थोराड, मुलीच्या जातीला न शोभणारं. निरुपयोगी कुणी म्हटलं नव्हतं.

जानेवारीच्या अखेरीस मी जिममध्ये नाव घातलं. पेठेतलीच जिम, खाली सायकलींचं दुकान, वर लोखंड. सकाळी सहाला शटर उघडलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार असायची. लोखंडाचा दांडा हातात घेतला की थंडी तळव्यातून थेट दातांत जायची. संदीप नावाचा तिशीतला कोच होता, शरीर कोरून काढल्यासारखं, बोलणं मात्र मऊ. त्यानं विचारलं, "मॅडम, वजन कमी करायचंय ना?"

"नाही," मी म्हटलं. "वजन उचलायचंय."

त्याला ते नीट कळलं नाही, पण त्यानं एक तक्ता करून दिला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड, शनिवारी पोट. याला स्प्लिट म्हणतात, म्हणजे अंगाची वाटणी. एका दिवशी एकच भाग घ्यायचा, त्याला पिळून काढायचा, आणि पुढे आठवडाभर विश्रांती द्यायची. जिममधली सगळी मुलं असंच करत होती. एकमेकांना भेटल्यावर "आज काय?" विचारायची आणि "आज खांदा" असं उत्तर द्यायची. मला ते ऐकायला गंमत वाटायची. मीही शाळेत जाताना मनात म्हणायचे, आज पाठ.

वाटणीत चूक काही नाही, हे आज मी कबूल करते. ज्याला सहा दिवस येता येतं, त्याच्या प्रत्येक भागाला त्यात भरपूर काम मिळतं. पण माझे सहा दिवस माझे नव्हते. अव्वाला गुडघ्यांच्या व्यायामाला न्यायचं, शाळेत सहामाहीचे राहिलेले निकाल, स्नेहसंमेलन, दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर. नेमका गुरुवार चुकायचा, आणि गुरुवार चुकला की पाय पुढच्या गुरुवारपर्यंत गेले. मार्च संपत आला तेव्हा मी हिशेब केला, दोन महिन्यांत पायांची पाळी चारदाच आली होती. दंड मात्र दर शुक्रवारी नियमानं व्हायचे. म्हणजे ज्यानं माणूस जमिनीवरून उचलता येतो ते सोडून बाकीचं सगळं मी करत होते.

आणि दुसरी एक अडचण होती, ती कोचला सांगण्यासारखी नव्हती. मंगळवारी पाठ संपली की मी थांबायचे, पण राग थांबायचा नाही. तो काही पाठीत नव्हता. ओल्या फरशीवर माझे हात सटकले होते, पाय घसरले होते, कंबर वळली नव्हती, श्वास अडकला होता. सगळं अंगच्या अंग कमी पडलं होतं. त्याचा सूड असा वारानं हप्त्याहप्त्यानं घेता येईना.

मार्चच्या शेवटी अव्वाला गूळ हवा होता म्हणून मी यार्डात आमच्या अडतीवर गेले. बसूदादा नव्हता. नागाप्पा नावाचे आमचे जुने हमाल गुळाचे रवे गाडीत चढवत होते. तीस तीस किलोचे गोल रवे, तागाच्या कापडात बांधलेले, धरायला कान नाही की दोरी नाही. नागाप्पांचं वय साठीच्या पुढं, छाती बारीक, दंड माझ्याहून बारीक. खाली बसायचे, रवा मांडीवर घ्यायचे, पोटाशी कवटाळायचे आणि उठायचे. मी बराच वेळ बघत राहिले.

"नागाप्पा, तुमचं सगळ्यात जास्त काय दुखतं? हात की पाय?"

ते हसले. "आमाला कुठला हात येगळा आन् पाय येगळा, ताई. रवा उचलाय सगळं अंग लागतंय. एकजण कामावर न्हाय आला की रवा पडला बगा."

दुसऱ्या दिवशी मी संदीपला म्हटलं, तक्ता बदल. तीनच दिवस येईन, सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि प्रत्येक दिवशी सगळं अंग करीन. बैठका, वर ढकलणं, पोटाकडे ओढणं, आणि जमिनीवरून उचलणं.

"फुल बॉडी म्हणजे सुरुवातीचं असतं, मॅडम," तो म्हणाला. "लोक त्यातून पुढं स्प्लिटवर येतात. तुम्ही उलट्या निघाल्या."

"एक दिवस चुकला तर यात काय चुकतं?"

तो विचार करून म्हणाला, "काही नाही. दोन दिवसांनी परत सगळं येतंच."

"मग हेच."

"तुम्हाला नक्की काय उचलायचंय?"

"चौऱ्याहत्तर किलो."

"चौऱ्याहत्तरच का?"

"माझ्या वडलांचं वजन होतं."

संदीप प्लेटांकडे वळला. पेठेतलाच मुलगा, त्यानं जिन्यातली गोष्ट कुठून तरी ऐकलीच असणार. त्यानं प्लेटांवरचे आकडे मोजले. मग म्हणाला, "आपल्याकडच्या प्लेटांत चौऱ्याहत्तर जुळत नाही, मॅडम. पंच्याहत्तर जुळतंय. चालेल?"

चालणार होतं.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात मी काय केलं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ते प्रत्येक दिवशी तेच होतं. रिकामा दांडा वीस किलोचा. मग तीस, मग चाळीस. पावसाळ्यात पन्नासवर महिना गेला. तळव्यांना घट्टे पडले, वर्गात फळा पुसताना मुलींना दिसायचे. दर वेळी दांड्यावर वाकताना मी बसूदादाचा चेहरा समोर आणायचे. लोक म्हणतात रागानं माणूस आतून जळतो. मला तसा अनुभव नाही. मला रागानं सकाळी पाच वाजता उठवलं, पावसात बाहेर काढलं, गुडघे वाकवायला लावले. दुसऱ्या कशानंही मी उठले नसते. मी मनाशी एक चित्रही रंगवलं होतं, ते सांगते. बसूदादा त्याच्या न्हाणीत पडला आहे, मी दारात उभी आहे, आणि मी आधी केस विंचरते आहे.

दसऱ्याच्या आधी पंच्याहत्तर उचललं. दांडा मांड्यांपर्यंत आला, मी सरळ उभी राहिले, दोन श्वास घेतले, खाली ठेवला. संदीपनं टाळी वाजवली. मला वाटलं होतं रडू येईल, आप्पा आठवतील, काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. पहिला विचार आला तो असा, की बसूदादा इथं असायला हवा होता. आणि दुसरा, की दांड्याला धरायला जागा असते.

म्हणून दिवाळीच्या पाडव्याला मी अडतीवर गेले. पाडव्याला नव्या गुळाचा पहिला सौदा निघतो, सगळी भाऊबंदकी गोळा होते. बायकांसाठी मागं सतरंजी टाकलेली असते. पूजा झाली, पेढे वाटले, नागाप्पा पहिला रवा काट्यावर ठेवायला निघाले. मी पदर खोचला आणि म्हटलं, "थांबा, नागाप्पा. आप्पांच्या नावचा मी ठेवते."

बसूदादा हसला. "ठेव की. पायावर पाडून घेऊ नको म्हंजे झालं."

मी खाली बसले, रवा मांडीवर घेतला, पोटाशी धरला, उठले. चार पावलं चालले आणि काट्यावर ठेवला. तीस किलो. आता मला ते जड नव्हतं, पण गोल होतं, निसटणारं होतं, आणि निसटलं नाही. वळून बसूदादाच्या तोंडाकडे बघितलं. मी वर्षभर त्या क्षणाची वाट बघितली होती.

"पाठ सरळ हाय की ताईंची," नागाप्पा म्हणाले.

बसूदादानं पेढ्याचं ताट दुसऱ्याकडं सरकवलं. "आधी उचललं असतंस तर उपेग झाला असता," तो म्हणाला. "आता हमाली करून काय." आणि गिऱ्हाइकाशी बोलायला वळला.

तिथं उभं राहून मला कळलं की याला असं हरवता येणार नाही. मी आख्खा ट्रक भरला असता तरी त्याच्याकडे एक वाक्य तयार असणार होतं. घरी येऊन मी जेवले नाही. अव्वानं दोनदा विचारलं, मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

पण त्या सतरंजीवर आणखी एक माणूस बसलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होतं. गिरिजावैनी. बसूदादाची बायको. संकेश्वरची, बोलताना मधूनच कानडी येणारी, वयानं पन्नास. तिची नि माझी जवळीक कधीच नव्हती. तिनं कधी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डिसेंबर लागला, आप्पा पडले त्याला वर्ष होत आलं, महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी मी जिमला पोचले तर वैनी सायकलच्या दुकानासमोर उभी. साडीवर स्वेटर, कानाला स्कार्फ, हातात कापडी पिशवी.

"वन्सं," ती म्हणाली, "मला पण न्या वर."

"काय झालं, वैनी?"

"कंबर धरलीया. रवा उचलायचा न्हाय मला. चूल-पाणी करून संध्याकाळी सरळ उभं ऱ्हाता आलं म्हंजे साकु." साकु म्हणजे पुरे.

मी तिला वर नेलं ते माया आली म्हणून नव्हे, हे इथं स्पष्ट लिहिते. जिना चढताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बसूदादाला सव्वासहाला अंघोळीचं पाणी लागतं, साडेसहाला पूजेची तयारी, सातला चहा आणि गरम भाकरी. हे सगळं जी करते ती आता माझ्या मागं जिना चढत होती. जमिनीवरून काहीच उचलावं न लागता मी त्याचं सगळ्यात उपयोगाचं माणूस उचलून नेत होते. मला फार बरं वाटलं. इतकं पंच्याहत्तर किलोनंही वाटलं नव्हतं.

मी तिला माझ्यासारखंच सांगितलं, तीन दिवस, सगळं अंग. बाकावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दोन दोन किलोची डंबेल्स. भिंतीला हात लावून ढकलायचं. पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक वेळी उठताना "शिवा" म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून आली आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली. जानेवारीत रिकामा दांडा तिनं जमिनीवरून उचलला, आणि खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली.

"ठेवा आता, वैनी."

"ऱ्हाऊ दे जरा," ती म्हणाली.

एकदा आम्ही दोघी बाकावर बसून पाणी पीत होतो. मी तिला विचारलं, दादा काय म्हणतो.

"काय म्हणणार. रोजचंच." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "एवढं अंग हाय, पर एक काम धड येत न्हाय. लग्न झाल्यापास्नं त्येच की. भाकरी करपली तरी त्येच, पोरगी झाली तवा पण त्येच."

ज्या वाक्यानं मी वर्षभर पेटलेली होते ते माझ्यासाठी घडवलेलंच नव्हतं. ते त्याच्या घरातलं, रोज वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. त्या सकाळी जिन्यात त्यानं माझ्यासाठी नवीन शब्द शोधायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. मला त्याचा नव्यानं राग आला, आणि आता त्या रागात आम्ही दोघी होतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी बसूदादा घरी आला. अव्वा खाटेवर पडून होती. तो खुर्चीवर बसला, पाणी घेतलं नाही.

"तुझं काय चाललंय त्ये चालू दे," तो म्हणाला. "पर माझ्या घरच्या माणसाला कशाला नादाला लावलीस?"

"तिची कंबर दुखत होती. आता दुखत नाही."

"मला सकाळी पाणी तापवून घ्याय लागतंय. चाचपडत. परवा पाय घसरता घसरता वाचलो."

त्या बोलण्यानं माझ्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी उठून उभी राहिले. आवाज चढवला नाही.

"दादा, दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ह्यांना उचललं कुणी म्हणून. मोडलेल्या हाडाच्या माणसाला असं ओढून उचलायचं नसतं म्हणाल्या. पांघरूण घालून आहे तसं ठेवायचं. मी तेवढंच केलं होतं. ओढलंस तू. हाड आणखी सरकलं असेल, म्हणाल्या."

"कवा म्हणाल्या?"

"तू बाहेर फॉर्म भरत होतास तेव्हा. मी तुझं नाव सांगितलं नाही."

मी सुद्धा आधी दोनदा ओढलं होतं, हे मी सांगितलं नाही. "नक्की सांगता येत नाही" हे डॉक्टरांचं वाक्यही सांगितलं नाही. ते मी गाळलं. जाणूनबुजून गाळलं.

बसूदादाचा चेहरा हळूहळू बदलला. तो काही बोलेल म्हणून मी थांबले. त्याच्याकडे तयार वाक्य नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे मांड्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग उठून चपला घातल्या, एक उलटी घातली, तशीच ओढत जिना उतरून गेला. मी जिंकले होते. छातीत लख्ख गार वाटलं.

मागून अव्वा म्हणाली, "हे मला कशाला ऐकवलंस?"

मी वळले. ती उठून बसली होती. "न्हाणीच्या दारात मी उभी होते," ती म्हणाली. "त्यांचा ओरडा मीबी ऐकलाय. पडले, हाड मोडलं, देवाची मर्जी, असं म्हणून झोपत होते रात्रीची. आता काय म्हणू?"

बसूदादाला बोलले त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. पण अव्वा खाटेवर आहे हे मला दिसत होतं, आणि तरी मी थांबले नाही. ही थंडी आली की तिची झोप जाते. मी तिच्या पायांना तेल लावते, ती छताकडे बघत असते, आणि आम्ही दोघीही त्या दुपारबद्दल बोलत नाही.

बसूदादा नंतर आमच्याकडे महिनाभर आला नाही. कुणाच्या बैठकीत आता तो आप्पांची गोष्टही सांगत नाही, असं कानावर आलं. वैनी मात्र येत राहिली. मार्चच्या सुरुवातीला, थंडी जवळजवळ गेलेली, एका सकाळी संदीप हातात वही घेऊन आमच्याकडे आला.

"काकू, तीन महिने झाले तुम्हाला. आता पाया पक्का झालाय. हेच चालू ठेवायचं की स्प्लिट करायचं, तुम्ही ठरवा."

वैनीनं माझ्याकडे बघितलं. मी तिला नीट समजावून सांगितलं, शाळेत पोरींना सांगते तसं. कुठल्या दिवशी काय, कशात काय मिळतं, एखादा दिवस चुकला तर काय होतं, आणि मी स्वतः स्प्लिट सोडून इकडे का आले. शेवटी म्हटलं, "तुम्हाला याचीच गरज आहे, वैनी. सगळं अंग, आठवड्याला तीनदा."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग संदीपला विचारलं, "त्या वाटणीच्याला किती दिवस यायला लागतंय?"

"सहा."

"आणि ह्याला तीन."

"हो."

"मग सहाचं लिव्हा."

"अहो वैनी, तीन दिवसांत तेवढंच काम होतं. उगाच कशाला सहा दिवस?"

"कामासाठी कोण येतंय, वन्सं," वैनी म्हणाली. तिनं स्कार्फ सोडला, घडी घालून पिशवीत ठेवला, आणि संदीपच्या वहीत वाकून बघू लागली. तो एकेक वार लिहीत होता, ती बोटानं खाली खाली येत वाचत होती. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार पाय, शुक्रवार दंड, शनिवार पोट. बोट शनिवारच्या खाली कोऱ्या ओळीवर थांबलं.

"आणि ऐतवारी?"

"रविवारी जिम बंद असते, काकू."

वैनीनं मान वर केली. तिच्या तोंडावर खरोखरचा त्रासिकपणा होता.

"ऐतवारी बंद कशाला ठेवताय?"